सीनिक क्रूस

चुकीचा शब्द कानावर पडला की माझी जीभ शिवशिवते. इथं आखातात इंडियन शाळेत हिंदी शिकवते म्हणून असेल, नाहीतर मूळचाच खोडसाळपणा असेल. आमचे हे दुसरंच कारण खरं मानतात. व्हॉट्सॲपवरच्या दिवाळीच्या शुभेच्छांतली चुकीची वेलांटीसुद्धा मला सहन होत नाही. लगेच दुरुस्त करून परत पाठवते, आणि त्यामुळे हल्ली मला शुभेच्छा कमीच येतात. अशी मी एका म्हातारीच्या चुकीपुढे तोंड मिटून बसले, तिची ही गोष्ट.

तिचं नाव नातालीन तुस्कानो. सगळे नातालीनबाय म्हणायचे. वसईकडचं गाव, नवऱ्याची केळीची बाग, आणि एकुलता एक मुलगा हॅरी. ओल्ड एअरपोर्टला आमच्या बिल्डिंगमध्ये हॅरी आणि त्याची बायको कॅरल आमच्या डोक्यावर राहतात, म्हणजे वरच्या मजल्यावर. एरवी बिचारी कुणाच्या डोक्यावर बसणारी माणसं नाहीत. कॅरल नर्स आहे. हॅरी हमद पोर्टवर जहाजांना भाजीपाला, अंडी, मासे पुरवणाऱ्या कंपनीत आहे, आणि त्याआधी कितीतरी वर्षं तो क्रूझच्या बोटींवर वेटर होता. लग्नही दोन बोटींच्या मधल्या सुट्टीत उरकलं असं कॅरल सांगते, आणि सांगताना अजून रागावते. नातालीनबाय दर हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर यायच्या. येताना सुकेळी आणायच्या, म्हणजे त्यांच्याकडची उन्हात वाळवलेली केळी, आणि इथलं ऊन तापायला लागलं की परत जायच्या.

मुलाशी त्या गावाकडच्या बोलीत बोलायच्या. ती बोली मला कराडच्या बाईला निम्मीच कळायची. पण मी 'मराठीची बाई', म्हणून माझ्याशी त्या चर्चमधलं मराठी काढायच्या. मी शाळेत हिंदी शिकवते हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पहिल्यांदा थालीपीठ घेऊन वर गेले तेव्हा दार उघडून म्हणाल्या, "बाई, आपण आलात, माझे अंतःकरण हर्षित झाले." मला हसू आवरेना. थालीपीठाची थाळी त्यांच्या हातात ठेवून मी जिन्यात येऊन हसले. पण दुसऱ्या दिवशी थाळी परत आली ती सुकेळ्यांनी भरून, आणि मग आमचं जमलं.

इथं आल्यावर पहिल्याच शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चला गेल्यावर त्यांचा हिरमोड झाला होता. त्यांच्या गावात गल्लीगल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे; चुना दिलेला, फुलं वाहिलेली. आणि इथलं अबू हमूरचं चर्च बाहेरून बघावं तर एखादं ऑफिस वाटावं. वर क्रूस नाही, दारावर क्रूस नाही. हॅरीनं समजावलं, "आय, इथं बाहेर लावत नाहीत. आत आहे." त्या आत गेल्या, वेदीवरचा क्रूस पाहिला आणि घरी येऊन मला म्हणाल्या, "दिसत नसला तरी असतो, बाई. माझ्या हॅरीच्या सीनिक क्रूसासारखा."

"कुठला क्रूस?" मी विचारलं.

मग बाल्कनीत मटार सोलत बसून त्यांनी मला सगळं सांगितलं.

"हॅरी बोटीवर होता तेव्हा दर उन्हाळ्यात क्रूसाला जात असे. नॉर्वे देशात पाण्यात एक फोर्ट आहे. आमच्या वसईला आहे तसाच, पण पुष्कळ मोठा. त्याच्या भिंती आभाळाला टेकलेल्या. त्या भिंतींच्या मधून बोट हळूहळू आत जाते. कुठे लागत नाही, कुणी खाली उतरत नाही. दोन दिवस फोनसुद्धा बंद. तिथे सीनिक क्रूस आहे."

"म्हणजे कसला असतो तो?"

"मी कुठे पाहिला? पण जागृत असणार. नाहीतर एवढे गोरे लोक दोन दिवस गुपचूप कशाला फिरतील?"

मटार सोलता सोलता माझा हात थांबला. डोक्यात हळूहळू उजेड पडला. फियॉर्ड! डोंगरांच्या मधून समुद्र आत घुसतो, त्या खोल अरुंद खाडीला तिकडं फियॉर्ड म्हणतात. आणि बंदराला न लागता नुसता देखावा बघत बोटीनं फिरायचं, त्याला बोटवाले म्हणतात सीनिक क्रूझिंग. हॅरी कुठल्यातरी बंदरातल्या बूथवरून खरखरत्या लाइनवर ओरडला असणार, "आय, उद्यापासून दोन दिवस फोन नाही हां, फियॉर्डमध्ये आहोत, सीनिक क्रूझिंग!" आणि वसईच्या बाईनं फियॉर्डचा केला फोर्ट आणि क्रूझचा केला क्रूस. वसईत फोर्टही आहे, त्यात जुनी चर्चंही आहेत. तिला संशय यायला जागाच नव्हती.

माझी जीभ शिवशिवायला लागली. 'अहो नातालीनबाय, क्रूस नाही हो,' एवढं ओठांवर आलंसुद्धा. पण म्हातारी बोलतच होती.

"त्या दोन दिवशी मी संध्याकाळी आमच्या नाक्यावरच्या क्रूसापाशी मेणबत्ती लावून माळ घेऊन बसत असे. बाई, आमच्या माळेची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. नमो मरिया या प्रार्थनेची पहिली अर्धी एकाने म्हणायची, उरलेली अर्धी बाकीच्यांनी. घरात हॅरीचे वडील आणि मी अशी म्हणत असू. पण त्या दोन दिवशी मी कुणाला जवळ बसू देत नसे. पहिली अर्धी मी म्हणायची आणि गप्प व्हायचे. उरलेली अर्धी तिकडे हॅरी म्हणणार. मग पुढची. वर्षभर मुलगा नजरेआड, बाई. ते दोन दिवस तेवढे आम्ही बरोबर."

मग त्यांनी सोललेले दाणे उगाचच चाळवले आणि म्हणाल्या, "त्याचे वडील वारले ते त्याच दिवसांत. शनिवार होता, त्याला बोटीवर लावणाऱ्या एजंटचे ऑफिस बंद. हॅरीला निरोप पोचेपर्यंत मातीसुद्धा झाली होती. लोक बोलले. एकुलता एक, आणि बापाच्या मातीला नाही! मी त्यांची तोंडे बंद केली. म्हटले, बापाचा जीव गेला त्या घटकेला माझा मुलगा क्रूसापाशी गुडघे टेकून बसला होता. असे भाग्य कुणाच्या बापाला मिळते? खरे की नाही, बाई?"

"खरंय," मी म्हणाले. वर्गात एखाद्या पोरानं एवढी मोठी चूक केली असती तर मी फळ्याजवळ उभं केलं असतं. इथं मी मान खाली घालून मटार सोलले, आणि निम्मे दाणे सालांच्या टोपलीत टाकले.

पण पोटात ठेवणं मला जमत नाही. दोन दिवसांनी हॅरी खाली पार्किंगमध्ये गाडीतून सामान काढत होता, त्याला गाठून मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तो आधी हसेल. तो हसला नाही. हातातला दुधाचा कॅन खाली ठेवून डिकीच्या कडेला टेकला.

"मला माहीतच नव्हतं, सरोजिनीताई," तो म्हणाला. "फोनवर नेहमी म्हणायची, क्रूसापाशी माझी आठवण ठेव. मला वाटायचं, तिची बोलायची पद्धत आहे."

"तू काय करायचास रे त्या दिवसांत?"

"काय करणार? सी डे म्हणजे पॅसेंजरला आराम, आम्हाला डबल ड्यूटी. बंदर नाही म्हणजे कुणी उतरत नाही, सगळी बोट दिवसभर खायला मोकळी. त्यात सीनिक क्रूझिंग असलं की खलास. सगळे डेकवर खुर्च्या टाकून बसणार. थंडी मरणाची. आम्ही गरम वाटाण्याचं सूप मगमध्ये घालून वाटत फिरायचो, आणि ब्लँकेटं."

मग तो म्हणाला, "पण जागा अशी, ताई, की काय सांगू! डोंगर सरळ पाण्यातून वर गेलेले. पाणी काळं, हलत नाही. वरून धबधबे पडतात, पण इतक्या उंचावरून की आवाज येत नाही. तळाला कुठंतरी एकच लाल घर, त्याला रस्तासुद्धा नाही. रात्री जेवणानंतरही उजेड. एवढी बडबडी माणसं, पण तिथं आपोआप गप्प होतात. आणि मी ट्रे घेऊन त्यांच्या मधून फिरतोय. बहुतेक सगळ्या म्हाताऱ्या बायका. त्यांच्या गुडघ्यांवर ब्लँकेट घालायचं, कडा खाली नीट खोचायच्या. दर वेळी मनात यायचं, आपली आय इथं असती तर! लोकांच्या आयांना ब्लँकेटं घातली मी. माझ्या आयला एकदासुद्धा नाही."

"मग सांग तिला."

"काय सांगू? की बा मेला तेव्हा मी सूप वाटत होतो?"

मी माझी पिशवी उचलली आणि लिफ्टकडे वळले.

हे झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात नातालीनबाय आल्या त्या थकून. चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. कॅरलनं त्यांना तिच्या ओळखीच्या हार्टच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्पष्टच सांगितलं की आता एकदा घरी पोचवा, आणि यापुढे विमानप्रवास नको. इथंच राहा म्हणून हॅरीनं खूप मिनतवाऱ्या केल्या. म्हातारी ऐकेना. नवऱ्याच्या शेजारची जागा तिनं कधीच ठरवून ठेवली होती. फक्त एक मागणं केलं. जायच्या आधी तो क्रूस एकदा दाखव.

हॅरी हादरला. नॉर्वे तर आता शक्यच नव्हतं. काहीतरी थाप मारावी म्हटलं, तर आईला शेवटची शेंडी लावायची त्याच्यानं होईना. खरं सांगावं, तर बापाच्या मरणाच्या वेळचं तिचं एवढं मोठं समाधान आपल्या हातानं मोडायचं. त्या आठवड्यात तो जिन्यात भेटला की माझ्याकडे बघायचा आणि मी छताकडे बघायचे. कॅरल मात्र एके दिवशी ठणकावून म्हणाली, "ती मरायला निघालीये, हॅरी. तिला खोटं घेऊन पाठवू नकोस." कॅरल रोज माणसं जाताना बघते. तिच्यापुढं त्याचं काही चालेना.

शेवटी तो म्हणाला, "आपल्याकडे फियॉर्ड नाही, पण खोर आहे." इथल्या अरबी लोकांचा खोर म्हणजे आपली खाडीच. दक्षिणेला अल अदैदला वाळूच्या डोंगरांमधून समुद्र आत घुसलाय. त्याच्या कंपनीतला रिफत नावाचा ड्रायव्हर त्या वाटेचा वाकबगार. टेकड्यांवरून उड्या न मारता कडेच्या सपाट वाळवंटातून सावकाश नेईन, आजींच्या पोटातलं पाणी हलणार नाही, असं त्यानं कबूल केलं. मला बोलावलं ते नातालीनबायनीच. "बाई असू द्या बरोबर," म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी निघालो. मागं कॅरल आणि मी, मध्ये म्हातारी. वाळूत रुतू नये म्हणून रिफतनं टायरमधली हवा कमी केली, "यल्ला", म्हणजे चला, म्हणाला आणि खरंच गाडी इतकी हळू नेली की एरवी मी त्याला दोन शब्द सुनावले असते. वाटेत म्हातारीनं एकदाच विचारलं, "अजून किती?" हॅरी म्हणाला, "आलंच." त्याची मान मागून मला दिसत होती. फेब्रुवारीतही त्या मानेवर घाम होता.

पोचलो तेव्हा ऊन कोवळंच होतं. दोन्हीकडं वाळूचे उंच उतार थेट पाण्यात उतरलेले, मधून निळं पाणी आत आत गेलेलं, आणि पलीकडं सौदीचे डोंगर. माणूस नाही, घर नाही. रिफत लांब जाऊन गाडीच्या सावलीत बसला. हॅरीनं घडीची खुर्ची पाण्याकडं तोंड करून मांडली. आईला बसवलं. मग गाडीतून एक जाड ब्लँकेट काढलं, तिच्या गुडघ्यांवर घातलं, आणि खाली बसून कडा नीट खोचल्या. थर्मासमधून मगमध्ये सूप ओतलं. वाटाण्याचं. दोन्ही हातांनी तिला दिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी वाळूवर ढकललं.

म्हातारीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "क्रूस कुठं हाय?"

हॅरी तिच्या पायांशी वाळूत बसला होता. "आय, क्रूस नाय."

"आत हाय काय?"

"आत पण नाय. कधीच नव्हता. मी क्रूझ म्हणायचो. क्रूझ म्हणजे बोटीतनं फिरणं. आणि तो फोर्ट पण नव्हता. अशीच खाडी होती. ह्याच्यापेक्षा मोठी. डोंगरांतली."

मगमधून वाफ येत होती.

"मग तू तिथं काय करायचास?"

"हेच. सूप वाटायचो. लोकांना ब्लँकेट घालायचो."

"बा गेला तेव्हा?"

"तेव्हा पण, आय. मी गुडघे टेकले नव्हते. मला कायच ठाऊक नव्हतं. मी सूप वाटत होतो."

कॅरलनं माझा हात धरला. मी तर देवाला हात जोडले, की हिचं हृदय आत्ता थांबू नको देऊस. म्हातारी पाण्याकडं बघत बसली. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. इतके दिवस ती म्हातारी होती हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"मग माझ्या सगळ्या नमो मरिया अर्ध्याच राहिल्या," ती म्हणाली. रागानं नाही. एवढी वर्षं मी एकटीच बोलत होते, एवढंच तिच्या आवाजात होतं, आणि ते ऐकवत नव्हतं.

हॅरीनं तिच्या ब्लँकेटवर डोकं टेकलं. मग तिनं मगमधलं सूप एक घोट प्यायलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." आणि मग, "हॅरी, इथं फोन लागतो काय?"

त्यानं डोळे पुसत खिशातून फोन काढून बघितला. "नाय, आय. रेंज नाय."

"मग बरं," ती म्हणाली. मग मला हाक मारून, "बाई, धरा जरा," म्हणत तिनं मग माझ्या हातात दिला आणि पर्समधून माळ काढली. "पयली बासाठी," ती हॅरीला म्हणाली. नमो मरियाची पहिली अर्धी तिनं म्हटली, आणि थांबली.

हॅरीला पटकन शब्द सापडेनात. ती वाट बघत राहिली. तिला त्याची सवय होती. मग त्यानं घसा खाकरला आणि उरलेली अर्धी म्हटली. ती पुढची म्हणाली. तो उरलेली. सूप गार झालं, ऊन चढलं, रिफतनं दोनदा उठून इकडं बघितलं आणि पुन्हा बसला. माझ्या माहितीत एवढं लांबलेलं बोलणं त्या मायलेकांचं कधी झालं नव्हतं.

नंतर मी कॅरलला विचारलं की त्या उरलेल्या अर्धीत असतं तरी काय. तिनं सांगितलं, आमच्यासाठी विनंती कर, आत्ता आणि आमच्या मरणाच्या वेळी.

मार्चमध्ये नातालीनबाय गावी परत गेल्या. निघताना मला म्हणाल्या, "बाई, आपल्या मुखी सदैव सत्य वसो." मला वाटलं, म्हातारीला सगळं ठाऊक होतं की काय, मीच हॅरीला सांगितलं ते. विचारायचं धाडस झालं नाही. जुलैत वसईहून फोन आला, आणि या वेळी हॅरी पोचला. मुंबईचं विमान इथून लगेच मिळतं. तो शेवटपर्यंत आईच्या उशाशी बसला. पहिली अर्धी तिच्या ओठांवर होती तोवर त्यानं उरलेली म्हटली, असं कॅरलनं मला सांगितलं.

तो परत आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी थालीपीठं घेऊन वर गेले. बाहेर उकाडा असा की बाल्कनीचं दार उघडायची सोय नव्हती. दाराच्या काचेशी नातालीनबायची खुर्ची होती, तिच्यात हॅरी माळ घेऊन बसला होता. पाठमोरा. तो थोडं पुटपुटायचा, मग गप्प व्हायचा. चांगला वेळ गप्प. मग पुन्हा पुटपुटायचा. मला वाटलं, विसरतोय, शब्द अडतायत. जीभ शिवशिवलीच माझी.

"मध्ये मध्ये थांबतो कशाला गं?" मी कॅरलला हळूच विचारलं.

तिनं माझ्या हातातली थाळी घेतली. "आयची अर्धी व्हायला नको का?"